सह्यांची पंगत

“घ्या की अजून, मास्तर. आज हात आखडू नका,” म्हणत महादेवीनं शेवयांचं पातेलं मार्तंड मास्तरांपुढं सरकवलं.

मास्तरांनी ताटावर हात आडवा धरला. “पुरे.” एरवी तीनदा उठून वाढून घेणारा माणूस आज चार घासांतच थांबला होता. त्यांनी हात धुतले, कागदावर सही केली आणि तिच्याकडं न बघता चपला पायात सरकवल्या.

परंड्याच्या मोटारस्टँडसमोरची ही चिन्याची खाणावळ. फळीवर पातेली ओळीनं मांडलेली असायची. भाकरी, पिठलं, भात, आमटी, आणि कोबी घालून तेलात परतलेल्या चेनबाच्या शेवया. एकदा आत शिरलं की ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं आणि पोट भरेस्तोवर खायचं. चेन हे मालकाचं नाव. पाठीवर रेशमी कापडाचा गठ्ठा घेऊन विकत हिंडणारा हा माणूस वीस वर्षांमागं इथं आला आणि इथलाच झाला. गावानं त्याला ‘बा’ जोडला. बालविधवा महादेवीशी त्यानं पाट लावला, तेव्हा शिवलिंग वाणी तिचा भाऊ म्हणून उभा राहिला होता.

बासष्ट सालच्या हिवाळ्यात सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली, आणि परवा जमादार दारात आला.

“चेनबा, वरून हुकूम आलाय. बाजाराच्या दिवशी दुपारी जीप येईल. यादीत दोघांची नावं हायती, नवरा आन् बायको. लांब राजस्थानात न्यायचंय, छावणीत. तंबूत ऱ्हावं लागंल.”

“जिथं हे, तिथं म्या,” महादेवी म्हणाली खरी, पण बोलता बोलताच तिला खोकल्याची उबळ आली. गेल्या थंडीत दम्यानं ती मरता मरता वाचली होती. चेनबा बराच वेळ तिची पाठ चोळत राहिला. मग म्हणाला, “आपण अर्ज करू. गावाच्या सह्या घेऊ. अंबादास लिहून देईल.”

अंबादास तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचा. महादेवीला अक्षरओळख नव्हती. तिनं जीव तोडून सांगितलं, “लिवा, ह्या माणसानं कधी मुंगीला सुदीक दुखवलं न्हाय. लिवा, त्याला आमच्यातनं नेऊ नका.” अंबादास मान हलवत लिहीत गेला. कागदावर सगळ्यात वर तिचा निळा अंगठा उठला.

आज बाजाराचा दिवस. तिनं घरातलं होतं नव्हतं ते धान्य शिजवलं. चुलीपुढं खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले होते. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला की ती हातातलं टाकून दाराकडं बघायची. जीप नाही, कुर्डुवाडीची मोटार, असं कळलं की ती पुन्हा पातेल्याकडं वळायची.

अंबादास दारातच बसला होता. येणाऱ्याच्या कानाशी लागून तो कागद समजावून सांगायचा. लोक वाचायचे, सही करायचे. तिच्या डोळ्याला डोळा कुणी देत नव्हतं. महादेवीला वाटलं, सरकारचा कागद म्हणून भीत असतील बिचारे. भीत का होईना, करतायत ना!

भर दुपारी शिवलिंग वाणी आला. त्यानं कागद दोनदा वाचला.

“हे पाप माझ्याच्यानं व्हायचं न्हाय,” म्हणत त्यानं कागद खाली ठेवला आणि अन्नाला न शिवता उठला.

महादेवीच्या अंगाचा तिळपापड झाला. “भाऊ म्हणवतोस व्हय रं? बहिणीचा संसार बुडाया लागला तर पाठ फिरवतोस? तुजं तोंड दाऊ नगंस पुना!”

शिवलिंग रस्त्याला लागला. तेवढ्यात उलथनं टाकून चेनबा बाहेर धावला. जन्मात कुणापुढं हात न पसरलेल्या त्या माणसानं भर रस्त्यात वाण्याचे पाय धरले. महादेवीला ते बघवेना. तिनं पदर तोंडात कोंबला. शिवलिंग परत आला, त्यानं सही केली आणि लहान पोरासारखा हुंदके देत निघून गेला. लाज वाटली असंल मेल्याला, महादेवी मनात म्हणाली.

उन्हं कलताना जीप आली.

साहेब तरुण होते, थकलेले दिसत होते. जमादारानं यादी पुढं धरली. महादेवी धावत गेली. दोन्ही हातांत कागद धरून तिनं त्यांच्यापुढं केला. “वाचा, साहेब! सगळ्या गावानं लिवून दिलंय. मोठ्यानं वाचा!”

साहेबांनी एकदा कागदाकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. मग वाचायला लागले.

“मी, महादेवी, राहणार परंडा, लिहून देते की, खाणावळवाला चेन याच्याशी माझं लग्न झालेलं नाही. मी त्याची कुणी लागत नाही. तो जाईल तिथं मला जाणं नाही. खाली सह्या करणारे आम्ही गावकरी यास साक्ष आहोत.”

“खोटं हाय!” महादेवी किंचाळली. “साहेब, म्या बायको हाय ह्यांची!” ती चेनबाकडं वळली. “आवं, तुमी सांगा की! सांगा ना!”

साहेबांनी यादीतल्या दुसऱ्या नावावर पेन्सिल टेकवली आणि चेनबाकडं वळून विचारलं, “काय रे, ही तुझी बायको का?”

चेनबानं गिऱ्हाइकाच्या उष्ट्या ताटाकडं बघावं तसं तिच्याकडं बघितलं.

“न्हाय, साहेब. भाकरी थापाया ठेवली होती.”