पदरचा शब्द

व्यापार कराराच्या सभेत ती काचेच्या खोलीत बसून परदेशी वकिलाचं बोलणं आपल्या भाषेत सांगत होती. "आमच्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढवा. ती संपेपर्यंत तुमच्या कारखान्यांनी स्वस्त गोळी बनवायची नाही."

तिचा धाकटा भाऊ त्याच स्वस्त गोळीवर जगत होता. पण दुभाष्याने पदरचा शब्द घालायचा नसतो. वकील जिथे अडखळला, तिथे मात्र नेहमीच्या सवयीने तिने वाक्य सावरून घेतलं. आपल्या बाजूच्या मंडळींनी माना डोलावल्या. कलम मंजूर झालं.

घरी भाऊ टीव्हीसमोरच बसला होता; सभा त्यावर तिच्या आवाजासह थेट दाखवली होती.

"ताई, तो गडी तर चाचरत होता. तू बोललीस म्हणून पटलं बघ सगळ्यांना," तो हसला. "घटकाभर मलासुद्धा."