प्रेमाताईंचा पसारा

अंधेरीच्या ऑफिसात प्रेमाताईंच्या कॉम्प्युटरवर कुडाळच्या घरच्या गणपतीचा फोटो होता आणि त्याच्या अंगाखांद्यावर दोनशे फायली. बिलं सोंडेपाशी, पगारपत्रकं मोदकाजवळ. ते बघून शेजारी बसणाऱ्या सुबोधच्या डोक्यात तिडीक जायची. "ताई, हा डेस्कटॉप आहे की भाजी मार्केट?"

असल्या अडाण्यांना वळण लावायचं, म्हणून त्याने महिनाभर खपून फायली लावायचे-शोधायचे पाच प्रोग्रॅम, म्हणजे फाइल मॅनेजर, ताडून पाहिले. कुठला दोन फोल्डर शेजारी-शेजारी दाखवतो, कुठला चुटकीसरशी फाइल शोधतो. तुलनेचा अहवाल कट-पेस्ट करून तो स्वतः जाऊन प्रेमाताईंच्या डेस्कटॉपवर ठेवून आला. "वाचा जरा. डोक्यात प्रकाश पडेल."

सोमवारी साहेब त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "दाखव तुझा अहवाल."

सुबोधने पहिल्या फाइल मॅनेजरमध्ये शोधलं, मग दुसऱ्यात. पाचही पालथे घातले. अहवाल काही सापडेना.

शेजारच्या टेबलावर प्रेमाताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि एकदाच क्लिक केलं.



"हा घ्या, साहेब. उंदराच्या शेपटीखाली होता. वाचण्यासारखं नसतं ते मी तिथंच सरकवते."