कुकरची शिट्टी

जिन्यातच कुकरची शिट्टी ऐकू आली आणि सुमेधा भराभर पायऱ्या चढू लागली. आवाज तिच्याच घरातून येत होता.

प्राण्यांच्या संस्थेतून आणलेला कुत्रा, बत्ताशा, कुकर वाजला की पलंगाखाली घुसायचा, तिथेच मुतायचा आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. म्हणून ती पहाटे उठून पातेल्यातच वरणभात शिजवायची आणि मग कामावर जायची. काल सासूबाई कडाडल्या होत्या, "कुत्र्यासाठी मी कुकर लावायचा नाही? घरात एक तर तो राहील, नाही तर माझा कुकर!"

आज कुकर लागला, म्हणजे बत्ताशाची पाठवणी झाली. घाईत किल्ली कुलपात जाईना. कसंबसं दार उघडून ती स्वयंपाकघरात धावली.

सासूबाई ओट्यापाशी फतकल मारून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीला चिकटून बत्ताशा लटलटत होता, पण पळत नव्हता. पुन्हा शिट्टी झाली. त्याने अंग चोरलं, कान पाडले.

"वाजू दे मेल्याला. तू खा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा त्याने अलगद उचलला.

सुमेधा त्यांच्या शेजारी बसली. भरून आलेले डोळे लपवायला तिने विचारलं, "आज आमटी का, आई?"

"कसली आमटी? नुसतं पाणी उकळतंय. ह्याला सवय नको व्हायला?" त्याच्या कानामागे खाजवत सासूबाई म्हणाल्या. "दुपारपासून हेच चाललंय. गॅस लवकर संपला, तर मला बोलायचं नाही हं."