जनूच्या धावपट्टीचा रोलर

आमच्या जनूनं तीन माणसं बसतील एवढं जुनं विमान घेतलं आणि ते उतरवायला कासूजवळचं आमचं बंद मिठागर सपाट करायला काढलं. पनवेलहून आणलेला लोखंडी रोलर पहिल्याच दिवशी चिखलात रुतला, तो कसाबसा ओढून परत पाठवला. चार दिवसांनी तपासणीचा साहेब यायचा होता. त्यानं जमीन नापास केली की विमान आमच्या गावात कधीच उतरणार नव्हतं.

जनू डोकं धरून बसला. मी म्हटलं, "रडतोस काय मेल्या? मिठागराचा तळ कधी यंत्रानं बसलाय? तो पायांनीच तुडवावा लागतो."

"चला गो," म्हणून आवडी, गोदूबाई धरून बावीस जणी गोळा केल्या. खांद्याला खांदा लावून, टाचा आपटत, तीन दिवस आम्ही ती जमीन तुडवली.

साहेबानं पहार मारून बघितली. पहारच उडाली. सही ठोकत तो जनूला म्हणाला, "एक नंबर काम! तुमचा रोलर चार दिवस रोह्याच्या मैदानासाठी पाठवा."

जनू माझ्याकडं बघायला लागला. मग मीच पुढे झाले.


"न्या की साहेब. पण विमानानंच न्यावा लागंल, दोघी-दोघी करून."