रांगेत उगवलेले तांबे

“म्हणजे भिंतीवरचा तो फोटो चुकीचा, असं तुमचं म्हणणं आहे?” परीक्षकांनी मान न वळवता तिला विचारले.

फोटो त्यांच्या पाठीमागे, काचेच्या चौकटीत होता. कार्बनच्या गुळगुळीत चकतीवर विजेने तांबे चढू लागले की आधी थर बनत नाही. सुटे, सूक्ष्म दाणे उमटतात. तो पहिला क्षण त्यात टिपलेला होता. सगळे दाणे एकाच मापाचे, म्हणून एकाच वेळी जन्मलेले. तिच्या मार्गदर्शकांचे नाव झाले ते याच निष्कर्षामुळे. ते स्वतः शेवटच्या बाकावर बसले होते. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने बोलायचे नसते.

“फोटो बरोबर आहे,” ती म्हणाली. “निष्कर्ष चुकीचा आहे.”

कुणीतरी उगीच खोकले. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला होता : आधी पदवी पदरात पाडून घे, मग काय ते बोल.

“पुरावा?”

तिने पडद्यावर आपले चित्र लावले. द्रावण तेच, विजेचा दाब तोच. चकती मात्र आरशासारखी घासलेली. दाणे विखुरलेले होते. काही मोठे, काही बारीक, काही नुकतेच उमटलेले.

“हे एकामागून एक जन्मले. आता मागे बघा, सर. तिथले दाणे रांगेत उभे आहेत. तांब्याला एवढी शिस्त नसते. चकतीवर घासल्याचे ओरखडे राहिले होते. दाण्यांना तिथे आयती जागा मिळाली आणि ते एकदम उगवले. तो गुण ओरखड्यांचा आहे, तांब्याचा नाही.”

परीक्षक उठले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काचेला जवळजवळ नाक लावले. मग ते शेवटच्या बाकाकडे वळले. दोघे एकेकाळचे वर्गमित्र.

“ऐकलंस का रे? तुझीच पोरगी तुला सोलून काढतेय.”

मार्गदर्शक हसले नाहीत. “मला एक विचारायचंय. नियमात बसत नाही, ठाऊक आहे.”

“विचार. नियमांनी तुला कधी अडवलंय?”

“हे तुझ्या लक्षात कधी आलं?” मार्गदर्शकांनी तिला विचारले.

“पहिल्याच आठवड्यात, सर. तुम्ही मला चकती घासायला शिकवलंत. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरव, सरळ घासलंस तर रेघा पडतील, म्हणालात. नंतर इथे व्याख्यानाला बसले, तर समोर हा फोटो.”

“मग इतकी वर्षं गप्प का?”

“नुसता संशय होता. संशय घेऊन माझ्या दारात यायचं नाही, हेही तुम्हीच बजावलं होतंत.”

मार्गदर्शक पुढे आले. त्यांनी चौकट खिळ्यावरून उतरवली. चौकटीमागची भिंत अजून नव्यासारखी पांढरी होती. त्यांनी रुमाल काढून काच पुसली. हात सवयीने आठाच्या आकड्यात फिरत होता.

“त्या दिवशी मला घाई होती,” ते परीक्षकांना म्हणाले. आवाजात खंत नव्हती. नवे मोजमाप सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. मग चौकट तिच्या हातात दिली.

“प्रबंधाच्या अंतिम प्रतीत हा फोटो तुझ्या चित्राशेजारी छाप. सरळ घासल्याचा नमुना म्हणून. आणि खाली माझं नाव टाक. पूर्ण.”