फरशीखालची पोकळी

बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि डोणगावजवळचा कापसातली सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद पडला. नव्या मालकाला तिथं गोदाम करायचं होतं, म्हणून काँक्रीटची फरशी तपासायला इंजिनिअर हीना आली. तिच्या यंत्रातून निघालेली अल्ट्रासोनिक लहर फरशीच्या पृष्ठभागावरून सगळीकडे एकाच वेगानं धावत होती. एका कोपऱ्यात मात्र ती मंदावायची. तिथं खाली पोकळी होती.

पोकळी कशी असेल, ते कळावं म्हणून हीनानं लॅपटॉपवर तशीच फरशी तयार केली आणि तीत तशीच लहर सोडून पाहिली. खाली भेग घातली, पाइप घातला, उंदराचं बीळ घातलं. वेग काही जुळेना. शेवटी आकार शोधायचं काम तिनं संगणकावरच सोपवलं. दुपारी वेग तंतोतंत जुळला आणि पडद्यावर आकार उमटला. हीना झटकन मागे सरकली.

तेवढ्यात तिथं झाडलोट करणारी बनाबाई चहा घेऊन आली.

"काय झालं व माय?"

"काही नाही, मावशी." हीना घाईनं लॅपटॉप मिटायला लागली. बनाबाईनं तिचा हात धरला आणि वाकून पाहिलं.

"माहा पोरगा देवानंद असाच झोपे," ती हळूच म्हणाली. "कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. ही फरशी ओतली तवापासून सारे सांगतात, तो सुरतेले पळून गेला म्हणून. पण या कोपऱ्यात झाडू फिरवाले माहा हात कधी धजला नाही. काऊन, ते आज समजलं."