सामाके मंडळींनी बाहेर जावं

“हिचं गाणं ऐकलं की मला झोप येते,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली म्हातारी न्येले म्हणाली आणि डोक्याच्या फडक्यानं डोळे पुसायला लागली.

तिच्या आधी लोहार तेच सांगून गेला होता. त्याच्याआधी सुईण. सगळं सोरोबुगू गाव होडीत दाटीवाटीनं बसून नदी उतरून आलं होतं, ते एवढं एकच सांगायला. सितान सुमानोच्या गाण्यात काही दम नाही. त्यानं पानसुद्धा हलत नाही. सगळे धडधडीत खोटं बोलत होते. ह्या सगळ्यांची बारशी नि लग्नं तिनंच गायली होती, आणि ती सुटून घरी यावी एवढंच त्यांना हवं होतं.

सितान आरोपीच्या बाकावर बसून ऐकत होती. भाटांच्या घरची बाई. आजी गायची, आई गायची, ती गायची. पंचक्रोशीतल्या कुळांचे पूर्वज तिच्या जिभेवर कणसातल्या दाण्यांसारखे लगडलेले.

खटला असा, की सुगीनंतर एका बारशाला तिनं बाकोरो सामाकेचं कूळ गायलं. हा बाकोरो इतका गरीब स्वभावाचा, की स्वतःच्या शेळीलाही अहोजाहो करायचा. शेजारचा झुमाना त्याच्या बाजरीत बिनदिक्कत गुरं सोडायचा आणि बाकोरो त्या गुरांना पाणी पाजून परत पाठवायचा. गाणं ऐकता ऐकता तो उठला. अंगणातलं मुसळ उचललं. झुमानाचं डोकं फोडलं, परत येऊन जागेवर बसला आणि ताटातला भात संपवला. झुमाना वाचला, पण बाकोरो तुरुंगात गेलाच. जाताना म्हणाला, मी मारलं नाही, गाण्यानं मारलं.

“मारणारा आणि मारायला लावणारा, कायद्याला दोघं सारखेच,” न्यायाधीश तोगोला म्हणाले. “मुसळ गाण्यानं उचलवलं असेल, तर बाई, पाच वर्षं आत. नसेल, तर गावाच्या होडीनं घरी जा.”

“हिचं गाणं म्हणजे वणवा आहे, साहेब!” सरकारी वकील कडाडला. “पुरलेला माणूस उठून बसेल!”

सिताननं लाजून मान खाली घातली. अख्ख्या कोर्टात तिची कदर करणारा तेवढा एकच निघाला.

“वणवा?” तिचा वकील सुंगालो हसला. गावचाच पोर, काळा झगा घातलेला. “ह्या गाण्यावर शेंगदाणा भाजायचा नाही.” मग वाकून हळूच म्हणाला, “मावशी, मान हलव की. म्हण, बेसूर आहे मी.”

“तुझ्या बारशाला गायले तेव्हा तू माझ्या मांडीवर मुतला होतास रे. तेवढा तरी दम होता म्हणून सांग त्यांना.”

“मावशी, पाच वर्षं!”

सरकारी वकिलानं मग हट्टच धरला. गाणं इथंच होऊ द्या, खरंखोटं कळेल. डोक्याला पट्टी बांधलेला झुमाना ताडकन उठला. “मी इथं बसलोय, साहेब! हिनं सामाकेंचं कूळ गायलं तर मला कोण वाचवणार?”

ह्यावर कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनाही ते पटलं. त्यांनी हातोडा आपटला. “सामाके मंडळींनी बाहेर जावं.”

शिपाई गेला. कारकून लेखणी कानावर ठेवून गेला. निम्मं गाव गेलं. सुंगालो जागचा हलेना.

“साहेब, मी वकील आहे.”

“आडनाव?”

“...सामाके.”

“जाताना दार ओढून घ्या.”

सितान उठली. घसा खाकरला. आईनं शिकवलं होतं तसा एक हात कानाशी नेला.

*हत्तीच्या रे लेका, तुझ्या पावलाला वाट भिते,*
*तुझ्या आज्याच्या दारी नदी मान लववून जाते.*
*कुणी तुडवलं रे शेत, कुणी खाल्लं तुझं धान?*
*निजलेल्या हत्ती, तुला आहेत का रे कान?*

सरकारी वकिलानं श्वास रोखला. झुमानानं खुर्ची पुढ्यात ओढली. काही झालं नाही. कुणी उठलं नाही, कुणाचा हात शिवशिवला नाही. छपराचा पंखा तेवढा फिरत होता.

“परिणाम शून्य,” न्यायाधीश म्हणाले. “गाण्यात चिथावणी सिद्ध होत नाही. आरोपी निर्दोष.”

“सुटलीस गं!” न्येले ओरडली. बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या. लोहारानं तिचं बोचकं उचललं. सितान मात्र जागची हलली नाही. आता कुणाच्या अंगणात जाऊन बसायचं? गाव शपथेवर सांगून चुकलं होतं, सरकारनं शिक्का मारला होता. उद्या एखादं मूल जन्मेल, त्याच्या कानात त्याच्या पणज्याचं नाव कोण घालील? पान न हलवणारी ही बाई?

“साहेब,” ती म्हणाली, “दार उघडं ठेवून पुन्हा गाऊ का?”

“बाई, त्याला पाच वर्षं आहेत.”

“कळलं मला ते.”

न्यायाधीश काही बोलणार, तोच दार बिजागरीसकट आत आलं. उंबऱ्यात सुंगालो उभा होता. झगा कमरेला खोचलेला, डोळे लाल, हातात बाहेरच्या बाकाचा उपटलेला पाय. मागे कारकून. त्याच्या मागे शिपाई.

“कुठं आहे तो झुमाना?” तिचा वकील गरजला.

झुमाना टेबलाखाली शिरला. सरकारी वकील खिडकीवर चढला. आणि त्या सगळ्या गोंधळात सितान सुमानोनं, कासारापुढं बसावं तसे, दोन्ही हात बेड्यांसाठी हसत हसत पुढं केले.